आटपाडीच्या कातळाखाली गाडलेली खचदरी आहे का, आणि तिच्या पाण्यासाठी १५०० फूट बोअर मारावा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आटपाडी तालुक्यात चार एकर डाळिंब, तीन बोअर कोरडे गेलेले, शेवटचा ५४० फुटांचा. आता बोअरचा गाडीवाला सांगतोय की १५०० फुटांच्या आसपास काळा दगड संपतो, त्याखाली वाळूचा दगड आहे आणि त्यात बारमाही पाणी आहे. त्यात तुम्ही कुठंतरी ‘कोयना रिफ्ट’ आणि ‘कुर्डुवाडी रिफ्ट’ ही नावं वाचलीत, त्यामुळे गाडीवाल्याचं बोलणं तुम्हाला पटायला लागलंय. शेवटी विचारलंय की कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गॅस सापडतो, तर आपल्या कृष्णेच्या बाजूला का सापडू नये.

सांगली-साताऱ्याच्या कोरड्या तालुक्यांत भूजलाची पाहणी करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. उत्तर आधीच देतो म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही: या आशेवर बोअर मारू नका. पण गाडलेल्या खचदरीची कल्पना कुणा अडाण्याची नाही. ती जाणत्या भूशास्त्रज्ञांनी मांडली होती, तिच्यामागे मोजमापं होती आणि ती तपासायला पुढची चाळीस वर्षं लागली. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणून थांबत नाही, ‘का नको’ तेही सांगतो.

आधी खचदरी, म्हणजेच ‘रिफ्ट’, काय असते ते पाहू. पृथ्वीचं कवच दोन बाजूंनी ताणलं गेलं की त्याला जवळजवळ समांतर भेगा पडतात आणि मधला पट्टा खाली बसत जातो. तो एका रात्रीत बसत नाही, लाखो वर्षं थोडाथोडा खचत राहतो. नद्या अशा खोलगट पट्ट्याकडे धावतात आणि वाळू, चिखल, पालापाचोळा आणून टाकतात. भरतं तसं ते ओझ्यानं आणि ताणानं आणखी खचतं, आणखी भरतं. त्यामुळे अशा दरीत गाळाचे थर काही किलोमीटर जाडीचे होऊ शकतात. पुढं दाबानं त्याच गाळाचे वालुकाश्म, पंकाश्म, कोळसा असे खडक बनतात.

महाराष्ट्रात याचं अस्सल उदाहरण पाहायचं तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे जावं लागतं. प्राणहिता-गोदावरीची खचदरी तिथं आहे. तिच्यात गाळ साचायला सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली. बल्लारपूरच्या खाणींतला कोळसा म्हणजे त्या काळी गाडली गेलेली झाडं, आणि सिरोंच्याच्या बाजूला त्याच दरीच्या नंतरच्या थरांत डायनासोरचे जीवाश्म मिळतात. तिथल्या वालुकाश्मात बोअर मारला तर दगडाच्या कणाकणांत पाणी असू शकतं, कारण वालुकाश्म आतून सच्छिद्र असतो. तुमचा गाडीवाला ज्या दगडाचं वर्णन करतोय तो हाच. असा दगड जगात आहे, महाराष्ट्रातही आहे. तो आटपाडीच्या खाली आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्याकडचा काळा कातळ हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. एकावर एक थर पडत गेले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकला गेला. लाव्हाच्या आधी जर इथं एखादी खचदरी भरून तयार असेल, तर ती आज या आवरणाखाली दडलेली असणार आणि वरून तिचा मागमूस लागणार नाही. शक्यता म्हणून यात चूक काहीच नाही. उत्तरेला नर्मदा-तापीच्या पट्ट्यात लाव्हाखाली खरोखरच जाड गाळखडक आहेत.

१९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या दोन शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून असं मांडलं की दख्खनच्या लाव्हाखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या गाडलेल्या आहेत. तुम्ही वाचलेली नावं तिथून आली. त्यांचा तर्क समजायला सोपा आहे. बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या कातळाची, घनता पाण्याच्या साधारण २.९ पट, ग्रॅनाइटची २.७ च्या आसपास, आणि वालुकाश्माची त्याहून कमी, २.३ ते २.५. खाली जड दगड असेल तर गुरुत्वाकर्षण अगदी किंचित जास्त भरतं, हलका असेल तर कमी. काही पट्ट्यांत ते अपेक्षेपेक्षा कमी भरलं, तेव्हा खाली काहीतरी हलकं, म्हणजे गाळ, भरलेला असावा असं अनुमान निघालं.

अडचण अशी की हे बंद पोतं काट्यावर ठेवून आत काय आहे ते ओळखण्यासारखं आहे. सांगलीच्या हळद बाजारात पोत्याचं वजन कमी भरलं तर हळद हलकी असेल, पोतं अर्धवट भरलेलं असेल किंवा तळाशी वेगळाच माल असेल. काटा यातलं नेमकं काय ते सांगत नाही. जमिनीचंही तसंच. सह्याद्रीच्या भागात गुरुत्वाकर्षण कमी भरण्याचं कारण आणखी खोल असू शकतं: तिथं कवचच जाड असेल आणि त्याखालचा जड थर जास्त खोल गेला असेल, तर लाव्हाखाली गाळाचा एक कण नसतानाही काटा तेवढाच दाखवील. १९७० च्या दशकात खोल भूकंपीय सर्वेक्षणाच्या दोन रेषा या भागात टाकल्या होत्या, एक केळशी ते लोणी आणि दुसरी गुहागर ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या चोरोचीपर्यंत. जमिनीत स्फोट करून लाटांचा परतीचा प्रवास मोजायचा, अशी ती पद्धत. त्यावरून कवचाची जाडी ३५ ते ४० किलोमीटरच्या घरात निघाली, आणि लाव्हाचं आवरण किनाऱ्याकडे जाड व पूर्वेकडे पातळ होत जातं, हेही कळलं.

बाजारात शेवटी पोत्यात नळी खुपसूनच नमुना काढतात. ती नळी कोयनेत खुपसली गेली.

कोयनेचं निमित्त तुम्हाला माहीत असेलच. धरणात १९६२ पासून पाणी साठायला लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर आजपर्यंत तिथली जमीन शांत झालेली नाही. हे भूकंप नेमके कशात होतात हे पाहायला २०११ पासून कोयना-वारणा परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीचे बोअर घेतले गेले, आणि २०१७ मध्ये गोठण्याला ३ किलोमीटर खोलीचा बोअर पूर्ण झाला. या कामासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला उभी राहिली. आपल्या बोअरच्या गाडीनं निघतो तसा नुसता चुरा या कामात काढला नाही. दीड किलोमीटरच्या बोअरमधून दगडाचे अखंड दंडगोल वर काढले, त्यामुळे कुठल्या मीटरवर काय लागलं याबद्दल तर्क करायची गरजच उरली नाही.

कोयनानगरजवळच्या पहिल्या बोअरमध्ये सुमारे ९३३ मीटर लाव्हा लागला. गोठण्याला १२४७ मीटर. आणि दोन्हीकडे लाव्हा संपला तिथं लगेच ग्रॅनाइट व नाइस हा पायाचा खडक सुरू झाला. मधे वालुकाश्म नाही, पंकाश्म नाही, गाळाचा म्हणावा असा जाड थर नाही. बाकीच्या बोअरमध्येही हेच चित्र आहे. एका बोअरमध्ये लाव्हा जास्त आणि दुसऱ्यात कमी, हा फरक मुख्यतः वरच्या डोंगर-दऱ्यांचा आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर पायाचा पृष्ठभाग जवळजवळ सपाटच आहे. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. खचदरी असती तर तिचा तळ पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरला असता, एका बोअरमध्ये पाया वर आणि भेगेपलीकडच्या बोअरमध्ये शेकडो मीटर खाली लागला असता. कोयनेत भेगा आहेत, त्यांवर भूकंप होतात, पण भेग असली म्हणजे खचदरी असतेच असं नाही.

दुसरी नळी पूर्वेला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचा बोअर घेतला होता. तिथं ३३८ मीटर लाव्हा, त्याखाली फक्त ८ मीटर गाळखडक आणि मग पुन्हा तोच ग्रॅनाइटी पाया. हे ८ मीटर म्हणजे लाव्हा येण्याआधी त्या माळरानावर ओढ्यानाल्यांनी पसरलेला पातळ थर. खचदरीचा भरणा असा मीटरांत मोजण्याएवढा नसतो.

म्हणजे एवढं धरून चाला: आपल्या पश्चिमेला लाव्हाखाली थेट पायाचा खडक, दूर पूर्वेला जेमतेम आठ मीटर गाळ, आणि मधे आटपाडी.

आता यातलं काय जागेनुसार बदलू शकतं तेही सांगायला हवं. कोयनेचा बोअर हा कोयनेचा पुरावा आहे, तो तुमच्या शेतात घेतलेला नाही. आणि आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला गोष्ट थोडी बदलते. गोकाकचा धबधबा पाहिला असेल तर तो सरळ तुटलेला तांबूस-पिवळा कडा आठवा. तो काळा कातळ नाही. तो कलादगी खोऱ्याचा अतिप्राचीन वालुकाश्म, लाव्हापेक्षा कितीतरी जुना. बदामीची लेणी त्याच खोऱ्याच्या दगडात कोरली आहेत. आपल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे तीही गाळखडकच, भीमा खोऱ्यातला चुनखडक. या दोन्ही खोऱ्यांचे उत्तरेकडचे काठ लाव्हाखाली शिरतात. त्यामुळे जतच्या दक्षिण टोकाचा कुणी हाच प्रश्न विचारेल तर मी ‘खाली गाळखडक असणं अशक्य’ असं म्हणणार नाही. पण त्याला एक गोष्ट दाखवीन: शहाबादी फरशीवर तांब्याभर पाणी ओता आणि किती मुरतं ते बघा. नाव गाळखडक असलं तरी इतक्या जुन्या दगडातली छिद्रं कोट्यवधी वर्षांत बुजून गेलेली असतात. तिथंही पाणी कातळासारखं भेगांतच शोधावं लागतं.

मग गाडीवाला खोटं बोलतोय का? बहुतेक नाही. त्यानं जे पाहिलं त्याचा अर्थ चुकीचा लावलाय, आणि ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्यात कवठे महांकाळ तालुक्यात एका बोअरवर उभा होतो. साडेसहाशे फुटांच्या सुमाराला काळ्या फुफाट्यात पांढरे चमकणारे कण यायला लागले. गाडीवरचा पोरगा ओरडला, “वाळू लागली, आता पाणी आलंच!” मालकानं आणखी तीनशे फुटांचे पैसे कबूल केले. मी मूठभर चुरा घेऊन बादलीत धुतला, कागदावर पसरला आणि भिंगाखाली धरला. वाळूचे कण नदीत घासून गोल झालेले असतात. हे कण धारदार होते, सपाट चकाकत्या बाजूंचे. त्यावर ॲसिडचे दोन थेंब टाकले तर काही कण फसफसले, म्हणजे ते कॅल्साइट. उरलेले झिओलाइट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढं पाझरणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत ही पांढरी खनिजं भरतात. आपण ज्याला मांजऱ्या दगड म्हणतो तो हाच. म्हणजे जिथं एकेकाळी पोकळी होती, तीच बुजल्याची खूण वाळू म्हणून विकली जात होती. मी मालकाला ते तिथंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं आणि बोअर पुढं चालू ठेवला. खालच्या तीनशे फुटांत निव्वळ धूळ निघाली. त्यांचा तो चेहरा अजून विसरलेलो नाही, आणि तुम्हाला इतकं लांब लिहितोय त्याचं एक कारण तेही आहे.

तसाच दुसरा फसवा थर गेरूचा. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधे पुष्कळदा तांबडा, मातकट पट्टा लागतो. चुरा एकदम लाल झाला की ‘कातळ संपला, माती लागली’ असं वाटतं. खरं तर तो आधीच्या लाव्हाचा झिजून भाजलेला माथा असतो, आणि दोन-चार फुटांनंतर खाली पुन्हा काळा दगड हजर असतो.

आता तुमच्या पाण्याकडे येतो. आपल्याकडचं पाणी प्रामुख्यानं वरच्या मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि भेगाळलेल्या कातळात असतं, कारण पाऊस तिथंच मुरतो. खाली जावं तशा भेगा मिटत जातात. हिशेब करून बघा. झिजलेल्या कातळाची पाणी सोडण्याची क्षमता साधारण १ ते ३ टक्के असते, २ धरू. तुमच्या चार एकरांखाली असा १० मीटर जाडीचा भिजलेला थर असेल तर त्यात सुमारे ३२ लाख लिटर पाणी बसतं. आकडा मोठा वाटतो, पण हे एकदाच भरणारं भांडं आहे. पाऊस पडेल तेवढंच ते पुन्हा भरणार. आटपाडीचा पाऊस आणि माणगंगेचं कोरडं पात्र तुम्ही रोज बघता. शिवाय त्याच भांड्याला शेजाऱ्यांच्या विहिरींचीही तोंडं आहेत.

समजा चमत्कार झाला आणि १२०० फुटांवर पाणी लागलंच, तरी ते वर कसं आणणार? हजार लिटर पाणी तेवढ्यावरून उचलायला गणितानं एक युनिट वीज लागते, आणि पंप-मोटारीतला अपव्यय धरला तर दोन. साठ फूट खोल विहिरीतून तेवढंच पाणी एक दशांश युनिटमध्ये येतं. इतक्या खोलीवरचं पाणी पावसाशी संबंध तुटलेलं, फार जुनं असण्याची शक्यता मोठी. त्यात क्षार जास्त असले तर डाळिंबाच्या मुळांना ते सोसणार नाही. आणि कायद्याचंही लक्षात घ्या. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलं आहे आणि अधिसूचित क्षेत्रात ती खोदायला मनाई आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा कार्यालयात एका फेरीत कळेल.

कुणी ‘मशीन लावून १५०० फुटांचं पाणी दाखवतो’ म्हणालं तर तार किती लांब पसरली ते बघा. रेझिस्टिव्हिटीच्या मोजणीत, म्हणजे जमिनीत वीज सोडून दगडाचा विरोध मोजतात त्यात, पसरलेल्या तारेच्या एकूण लांबीच्या साधारण पाव हिश्शाएवढ्या खोलीचं कळतं. १५०० फूट बघायचे तर जवळजवळ दोन किलोमीटर तार सरळ रेषेत टाकावी लागेल. तुमच्या बांधापासून बांधापर्यंत तार टाकून कुणी ती खोली सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

गॅसचं थोडक्यात. कृष्णा आपल्या महाबळेश्वरला उगवते हे खरं, पण गॅसवालं ‘कृष्णा-गोदावरी खोरं’ आंध्रच्या किनाऱ्यावर आणि तिथल्या समुद्राखाली आहे. त्या दोन नद्यांच्या मुखाशी साचलेल्या गाळाच्या प्रचंड जाड थरांना ते नाव दिलंय. नदीचं खोरं म्हणजे ती जिथून पाणी गोळा करते तो मुलूख. गाळाचं खोरं म्हणजे जिथं गाळ साचून खडक झाला ती जागा. आपण पहिल्यात राहतो, दुसऱ्यात नाही. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं तिथंही हाच काळा लाव्हा आहे, पण तो खाली आहे आणि तेलाचे गाळखडक त्याच्या वर बसलेत. आपल्याकडे लाव्हाच्या वर गाळ म्हणावा तर कृष्णाकाठची माती, जिच्यात हरिपूरच्या लोकांनी हळदीची पेवं खणली.

१५०० फुटांच्या बोअरला जे पैसे ठेवलेत त्यातून मी तुमच्या जागी आधी एक काम करीन. शेतातली आणि शेजारची प्रत्येक विहीर उन्हाळ्यात आत उतरून बघीन: मुरूम किती फुटांवर संपतो, मांजऱ्या कुठं आहे, पाझर कुठल्या बाजूनं येतो. विहिरीच्या भिंतीवर तुमच्या जमिनीचा पहिला पन्नास फुटांचा छेद फुकट उघडा असतो. मांजऱ्याचा थर जाड असेल तर आडवे बोअर आणि ओढ्यावर पाणी अडवणं यांचा उपयोग होतो. तो पातळ असेल आणि खाली लगेच घट्ट कातळ असेल तर शेततळं आणि टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची पाळी धरूनच बागेचं क्षेत्र ठरवा. हे मी विहीर बघितल्याशिवाय सांगू शकत नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर त्याला आधी विहिरीत उतरवा.

आणि तरीही घरच्यांच्या आग्रहानं बोअर मारायचाच ठरला, तर गाडी लागल्यापासून प्रत्येक रॉडला एक मूठ चुरा बाजूला काढा, धुवा आणि ओळीनं कागदावर ठेवून फूट लिहा. काळ्यात पांढरे ठिपके दिसले तर तो मांजऱ्या. सगळा चुरा काळा जाऊन गुलाबी-पांढरा झाला आणि त्यात अभ्रकाच्या चकत्या चमकायला लागल्या, तर पायाचा ग्रॅनाइट लागला. गाडी त्याच रॉडवर थांबवा. चुऱ्याचे फोटो दिवसाउजेडी काढून मला पाठवा, सोबत माप म्हणून एक रुपयाचं नाणं ठेवा. तिसऱ्या बोअरचा चुरा अजून बांधावर पडलेला असेल तर त्याचेही आजच पाठवा, मी बघून सांगतो.